मिरवेलीचा आधार पुन्हा पुन्हा का जातो? पांगारा आणि गिरिपुष्प कुठे तपासायचे

कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, मिरी पोफळीवर किंवा माडावर चढवलेली असते, तोवर आधाराची काळजी फारशी नसते. ती सुरू होते भरडावर (उंचावरच्या कोरड्या जमिनीवर), काजूच्या कडेला, घरामागच्या उतारावर. तिथे मिरीसाठी मुद्दाम झाड लावावं लागतं. गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या पट्ट्यात त्यासाठी सहज हाती लागतात ती दोन झाडं: पांगारा आणि गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. दोन्ही शेंगवर्गातली, दोन्हींच्या मुळांवर नत्राच्या गाठी, दोन्ही खुंट रोवून येणारी. म्हणून एक गेलं की लोक दुसरं लावतात आणि तेही गेलं की जमिनीला दोष देतात.

दोघांचं दुखणं मात्र एक नाही. पांगारा बहुधा वरून बिघडतो, म्हणजे पालवीत आणि शेंड्यात. गिरिपुष्प बहुधा खालून बिघडतं, मुळांत आणि बुंध्याशी. झाड बदलण्याआधी आपल्याकडे यातलं काय झालंय ते बघा. नाहीतर दोन वर्षांनी त्याच खड्ड्यापाशी तिसरा खुंट घेऊन उभं राहावं लागतं.

लक्षणं

- कोवळी पानं, देठ आणि शेंडे सुजलेले, वळलेले, गाठाळ. पान उलगडतच नाही.
- झाड बोडकं होतं, पालवी येते, महिन्याभरात तीही गळते.
- एखादी फांदी मधूनच वाळते, मोडली की आत पोकळ आणि भुसा.
- खुंटाला मेमध्ये कोंब आले, पण जुलैत बुंधा काळा पडून मऊ झाला.
- झाड हिरवंगार, पण पहिल्या मोठ्या वाऱ्यात कललं किंवा वेलासकट आडवं झालं.
- झाड उत्तम, वेलही काळाभोर हिरवा, पण घोस नाहीत.
- मिरीच्या पानांवर काजळीसारखा काळा थर.
- आधार ठणठणीत, वेल मात्र पिवळा पडून पानं टाकतोय.

पहिली तीन लक्षणं मुख्यतः पांगाऱ्याची. पाचवं, सहावं आणि सातवं गिरिपुष्पाचं. चौथं दोघांचंही असू शकतं. शेवटचं लक्षण आधाराचं नाहीच, त्याकडे शेवटी येऊ.

आधी महिना बघा

यात पैसे जात नाहीत आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दोन्ही झाडं पानझडी आहेत. थंडी सरता सरता पानं गळतात आणि बोडक्या फांद्यांवर फुलं येतात, पांगाऱ्याला लालभडक, गिरिपुष्पाला फिकट गुलाबी. जानेवारी ते मार्च या काळात झाड उघडं दिसलं तर ते मेलं असं समजू नका. नखाने किंवा कोयत्याच्या टोकाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलं असेल तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर हातभर खाली पुन्हा खरवडा. कुठपर्यंत जीव आहे ते कळलं की तिथूनच छाटायचं.

जूननंतर किंवा ऑगस्टात झाड बोडकं असेल, तर मात्र ती ऋतूची गळती नव्हे. पुढे वाचा.

झाड नक्की कोणतं?

प्रश्न बाळबोध वाटतो, पण खुंट विकत आणले असतील तर तो विचारायलाच हवा. बोडक्या दांडक्यांच्या मोळीत काहीही येतं.

पांगाऱ्याचं पान त्रिदली असतं. मधली पर्णिका मोठी, रुंद, जवळजवळ त्रिकोणी, साधारण वीतभर. कोवळ्या खोडावर आणि फांद्यांवर आखूड, काळे, शंकूसारखे काटे असतात. जुन्या बुंध्यावर ते झडून जातात, म्हणून काटे बघायचे तर वरची फांदी बघा. शेंग काळपट आणि दाण्यादाण्याला आवळलेली, बी गडद लाल.

गिरिपुष्पाचं पान पिसासारखं. एका दांड्यावर सात ते सतरा पर्णिका, टोकाला एक सुटी. काटे अजिबात नाहीत. सालीवर पांढरट ठिपके. पान चुरगळून नाकाशी धरा, सुकत्या गवतासारखा उग्र-गोड वास येतो. शेंग चपटी, वाळली की फटकन तडकते आणि बी लांब उडतं.

पळसाचंही पान त्रिदली असल्याने तो पांगारा म्हणून खपतो. त्याचं पान जाड, चामड्यासारखं असतं, आणि काटे नसतात. पळसाचा खुंट पांगाऱ्यासारखा सहज मूळ धरत नाही. तो ‘फुटला नाही’ यात तुमचा दोष नाही.

पांगारा: पालवी तपासा

फांदीचा शेंडा हातात घ्या आणि फोनचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. देठावर, शिरांवर आणि कोवळ्या कांडीवर फुगीर गाठी दिसतात का? एखादी गाठ ब्लेडने उभी चिरा. आत पांढरी, बिनपायाची बारीक अळी असेल तर कीड चालू आहे. गाठीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसत असतील आणि आत रिकामं असेल, तर माशा बाहेर पडून गेल्या.

हे काम क्वाड्रास्टिकस एरिथ्रिने या किडीचं. गांधीलमाशीच्या जातकुळीतली, पण लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. तिचं शास्त्रीय वर्णन २००४ साली झालं आणि केरळातून तिची नोंद २००६ च्या सुमारास आली. मिरीचे आधार म्हणून लावलेले पांगारे तिथे या किडीनेच बोडके केले. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या होतात. मिरी किंवा पानवेलीला ती शिवत नाही. वेलाचं नुकसान होतं ते सावली जाऊन आणि आधार मरून.

तिची एक खोड लक्षात ठेवा, कारण सगळा उपाय तिच्याभोवती आहे: ती अंडी फक्त कोवळ्या भागात घालते. निबर पानाला गाठ येत नाही. म्हणून गाठी दिसल्या म्हणून रागाने झाड भुंडं करणं हा सर्वांत वाईट इलाज. भुंडं केलं की सगळ्या फांद्यांवर एकदम कोवळी पालवी येते आणि किडीला आयतं खाणं मिळतं. दोन-तीनदा असं झालं की झाडाचा साठा संपतो आणि ते उभ्याने वाळतं.

काय करायचं ते असं. गाठाळलेले शेंडेच तेवढे काढा, निबर पानांच्या फांद्या राहू द्या. काढलेले शेंडे झाडाखाली टाकायचे नाहीत आणि आच्छादनालाही वापरायचे नाहीत. गाठीतल्या अळ्या तोडलेल्या फांदीतही वाढ पुरी करून उडतात. एकतर त्याच दिवशी जाळा, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून महिनाभर उन्हात ठेवा. कापायला काढलेल्या शेंड्यांत निम्म्याहून जास्त शेंडे गाठाळ निघाले तर त्या झाडामागे कष्ट घालवू नका. शेजारी दुसरा आधार लावायला घ्या.

फवारणीचा मोह होतो. अळी गाठीच्या आत असल्याने वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. खोडात अंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारं, कीटकनाशक टोचण्याचा उपाय शोभेच्या झाडांसाठी परदेशात झाला आहे, पण तुमच्या झाडाला खाण्याची मिरी बिलगलेली आहे. तो प्रयोग घरी करू नका.

गिरिपुष्प: सावली मोजा

झाड छान, वेल छान आणि घोस नाहीत, ही तक्रार गिरिपुष्पाखालीच जास्त येते. झाड इतकं जोमाने वाढतं की मालक कौतुकाने बघत राहतो आणि कोयता लावत नाही. दुपारी बाराच्या सुमारास वेलाशी उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे जेमतेम दिसत असतील, तर सावली फार झाली. मिरीला ऊन गाळून हवं असतं, काळोख नको. दाट सावलीत घोस कमी धरतात, पान पावसात ओलं राहतं, बुरशी वाढते आणि दाणे पोकळ करणारा पोल्लू भुंगेराही अशाच जागी जास्त सापडतो.

वर्षातून दोनदा फांद्या उतरवा: एकदा पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीस ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये. पहिल्या छाटणीमुळे पावसाळ्यात उजेड आणि वारा मिळतो आणि घोस निघायच्या वेळी वेल उघडा असतो. दुसरी लोक टाळतात, पण माझ्या मते तीच जास्त मोलाची. सप्टेंबरात छाटलेल्या झाडाची नवी फूट उन्हाळ्यात पानं टिकवून धरते, न छाटलेलं झाड मात्र फुलावर जाऊन फेब्रुवारीत बोडकं होतं. म्हणजे वेलाला सावलीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ती नाहीशी होते. शेंडा साधारण सहा मीटरवर रोखा. त्याहून उंच वेलाची मिरी काढायला माणूसही मिळत नाही.

उतरवलेला पाला वेलाच्या आळ्यात पसरा, नत्राचं उत्तम खत आहे. फक्त वेलाच्या बुडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा.

काळ्या काजळीचं कारण याच झाडावर शोधा. गिरिपुष्पाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो, त्याचा चिकट रस खाली मिरीच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काजळी बुरशी येते. माव्याचे शेंडे खुडा, उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम साबण विरघळवून मारा. एरवी पहिला जोरदार पाऊस ते काम फुकट करतो.

बुंधा आणि पाणी

आता खाली बसा. बुंध्याभोवतीचा पाला बाजूला करा आणि अंगठ्याने साल दाबा. मऊ लागली, पाणी सुटलं, आंबूस वास आला तर कूज आहे. भर पावसात, सर थांबल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. आळ्यात तेव्हाही पाणी उभं असेल तर आधार पांगाऱ्याचा आहे की गिरिपुष्पाचा याला अर्थ उरत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. जांभ्यात खणलेला खड्डा कडेने चिरेबंद असतो, पाणी जिरायला वाट नसते. उताराच्या बाजूने आळं फोडून वीतभर खोल चर काढा. पावसाळ्यात आळं खोलगट नको, मातीचा उंचवटा हवा. त्याच पाण्यात मिरीचंही मूळ कुजतं, तेव्हा हा चर दोघांसाठी आहे.

मग खांद्याच्या उंचीवर दोन्ही हात ठेवून झाड हलवा आणि नजर बुंध्याशी ठेवा. खोड वाकलं तर हरकत नाही. बुंध्याशी माती उचलली गेली किंवा फट दिसली तर मुळं वरवरची आहेत. गिरिपुष्पात हे सर्रास आढळतं. खुंटापासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसतं, नुसती आडवी मुळं. वर जोमदार छत्री, त्यावर पाच-सहा वर्षांचा भिजलेला वेल आणि खाली ही मुळं, मग जूनच्या वाऱ्यात ते कलणारच. तातडीचा उपाय म्हणजे वरचा भार लगेच निम्म्याने कमी करणं आणि झाड ज्या बाजूला कलतंय त्या बाजूने बांबूचा टेकू देणं. कायमचा उपाय म्हणजे पुढच्या वेळी उघड्या, वाऱ्याच्या उतारावर बियांपासून केलेलं रोप लावणं. गिरिपुष्पाचं बी कसल्याही प्रक्रियेशिवाय रुजतं, रोपाला सोटमूळ असतं आणि ते वाऱ्यात टिकतं. वेल चढवायला वर्षभर उशीर होतो. तो सोसावा.

खुंट कसा रोवला होता?

रोवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मेलेल्या खुंटाचं कारण बहुधा रोवण्यात असतं. मेलेला खुंट उपटून खालचं टोक बघा.

टोक चेचलेलं, साल सुटलेली असेल, तर खुंट कुऱ्हाडीने तोडला किंवा वरून ठोकून बसवला. साल सुटली की मूळ फुटायला जागाच राहत नाही. धारदार कोयत्याने एका घावात तिरपा छेद घ्या, वरचं टोकही तिरपं ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. आधी खड्डा, मग खुंट, मग माती. ठोकायचं नाही.

टोक कुजलेलं असेल, तर ओला खुंट तोडल्या तोडल्या चिखलात गेला. पांगाऱ्याचे खुंट मार्च-एप्रिलमध्ये तोडून सावलीत उभे रचून ठेवायचे. मेमध्ये कोंब दिसू लागतात, तेव्हाच रोवायचे. गिरिपुष्पाला इतकी वाट बघावी लागत नाही, आठवडाभर सावलीत पुरे. दोन्हींसाठी खुंट दोन मीटरच्या आसपास लांब, निदान मनगटाएवढा जाड आणि निबर सालीचा. हिरवी, बोटाएवढी कांडी कोंब काढते आणि मरते, कारण मूळ येईपर्यंत तग धरण्याइतका साठाच तिच्यात नसतो. जमिनीत चाळीस ते पन्नास सेंटिमीटर जायला हवं. कडेची माती टाचेने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की तिथे पाणी साचतं किंवा वाळवी शिरते. आणि खुंट उलटा तर नव्हता ना, तेही बघा. डोळ्यांची टोकं वर हवीत. गड्याच्या घाईत हे होतं.

खोड वाजवून बघा

कोयत्याच्या पाठीने खोडावर खालून वर टकटक करत जा. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला की खूण करा. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, त्यात पोखरकिडा आणि कूज दोन्ही लवकर शिरतात. फांदीच्या बेचक्यात भुसा, चिकट स्राव किंवा वाळलेला शेंडा दिसला तर त्या खाली जिवंत लाकडापर्यंत छाटा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात. पोकळी मुख्य खोडात, छातीच्या खाली असेल तर झाड वाचवायच्या भानगडीत पडू नका.

आधार बदलायचा, वेल ठेवायचा

जुन्या झाडाच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, वेलाच्या बुडापासून निदान दोन फूट दूर नवा खुंट रोवा. त्याहून जवळ खणलं तर मिरीची वरच्या थरातली मुळं तुटतात आणि तुटलेल्या मुळातून बुरशी शिरते. नवं झाड धरेपर्यंत बांबू किंवा सिमेंटचा खांब तात्पुरता उभा करा.

वेल उतरवायचा तो पहिले पाऊस झाल्यावर, ओला असताना. कोरड्यात त्याच्या कांड्या काडकन मोडतात. खालून वर सोडवत या, वेटोळं सैल ठेवा. एकदा सुटलेली चिकटमुळं परत चिकटत नाहीत, फक्त नवी वाढ चिकटते. त्यामुळे जुना वेल दर फूटभरावर काथ्याने सैल बांधावा लागतो. नायलॉनची दोरी नको, ती सालीत रुतते. एका वर्षाचं पीक कमी येईल, हे धरून चाला.

आणि निवड? सावलीच्या, वारा अडलेल्या जागी, वर्षातून दोनदा कोयता लावायची तयारी असेल तर गिरिपुष्प. पांगाऱ्याची खरखरीत साल मिरीला जास्त मानवते हे खरं, पण आसपासच्या पांगाऱ्यांवर गाठी असतील तर नवा पांगारा लावणं म्हणजे किडीला नवं घर बांधून देणं. दोन्हींची सरमिसळ लावली तर एक रोग सगळे आधार एकदम नेत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

मिरीच्या पानांवर पाणी शोषल्यासारखे काळे डाग, कडा झालरीसारख्या, पानं-घोस भराभर गळतायत आणि वेलाचं बूड काळं पडलंय, तर ती द्रुत मर आहे, फायटोफ्थोरा बुरशीची. आधार बदलून काही होणार नाही. फार तर शेजारच्या निरोगी वेलांवर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं पातळ द्रावण) फवारा, पण त्याच दिवशी विभागीय कृषी कार्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवा. उत्तर गोव्याचं केंद्र जुने गोवे इथे, दक्षिणेचं मडगावला. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे.

वेल हळूहळू पिवळा पडतोय, आणि त्याच्या किंवा पांगाऱ्याच्या बारीक मुळांवर सुजलेल्या गाठी आहेत, तर सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांची, शंका घ्या. इथे शेंगवर्गाची एक गंमत आहे: नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने सुटते आणि चिरली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सुटत नाही. दुसरी दिसली तर दाणेदार विषारी औषध दुकानातून आणून टाकू नका, आधी माती आणि मुळं तपासून घ्या.

झाड विजेच्या तारेकडे किंवा घराकडे कललं असेल तर शिडी लावू नका. तारेजवळचं काम वीज खात्याने लाइन बंद केल्यावरच. पोकळ पांगाऱ्यावर माणूस चढवायचा नाही, दोर असला तरी. आणि वाढलेलं झाड बुंध्यातून तोडायचं तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या, जमीन स्वतःची असली तरी.

तज्ज्ञाकडे जाताना गाठाळलेला शेंडा झिप पिशवीत बंद करून न्या, उघडा नेला तर माशा वाटेत सुटतात. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळा. माती बुंध्यापासून फूटभर अंतरावर, वीतभर खोलीवरची, आजारी झाडाजवळची आणि बऱ्या झाडाजवळची वेगवेगळी, अर्धा-अर्धा किलो. पूर्ण झाडाचा, बुंध्याचा आणि पानाच्या खालच्या बाजूचा असे तीन फोटो पुरतात.